एक मेगाहर्ट्झमध्ये एवढं सगळं मावायचं कसं?

जुलै २०२५ मध्ये ‘कमोडोर’ हे घरगुती संगणकांच्या कंपनीचं जुनं नाव नव्या मालकांनी विकत घेतलं आणि लगोलग ‘कमोडोर ६४ अल्टिमेट’ची आगाऊ नोंदणी सुरू झाली. किंमत तेव्हा साधारण तीनशे डॉलरपासून पुढे. दिसायला तोच १९८२ सालचा मातकट, फुगीर कीबोर्ड, आणि आत त्या काळच्या चिपांची हुबेहूब नक्कल. बातमी वाचून दोन प्रश्न हमखास पडतात. एक मेगाहर्ट्झचा संगणक २०२५ साली विकत कोण घेतं? आणि ज्याची नक्कल कुठल्याही मोबाइलवर फुकट चालते, त्यासाठी खास हार्डवेअर बनवायचा खटाटोप कशाला?

पहिल्याचं उत्तर ‘हौशी माणसं’ असं दोन शब्दांत देता येईल. दुसरा प्रश्न जास्त खोल जातो. त्यासाठी मूळ मशीन चालायचं कसं, हे बघावं लागेल.

आधी जरा हिशेब

कमोडोर ६४ चा पडदा ३२० बाय २०० ठिपक्यांचा, म्हणजे एकूण ६४ हजार ठिपके. एका ठिपक्याला एक बिट धरला तर पूर्ण चित्र ८,००० बाइटांत मावतं. युरोपातल्या टीव्हीवर हे चित्र सेकंदाला ५० वेळा नव्याने उमटायचं. प्रोसेसर होता ६५१०, म्हणजे १९७५ च्या प्रसिद्ध ६५०२ चा सख्खा भाऊ. युरोपी मॉडेलमध्ये तो सेकंदाला सुमारे ९ लाख ८५ हजार ठोके चालायचा, म्हणजे जवळपास एक मेगाहर्ट्झ. (ठोका म्हणजे क्लॉक सायकल, प्रोसेसरच्या कामाचं सर्वांत लहान माप.) भागाकार केला की एका चित्रामागे साधारण १९,७०० ठोके हाती येतात.

आता समजा खेळातलं दृश्य सरकवायचंय. एक बाइट उचलायला ४ ठोके, दुसरीकडे ठेवायला ५. आठ हजार बाइट गुणिले ९ म्हणजे ७२ हजार ठोके. हाताशी आहेत वीस हजारांहूनही कमी! नुसतं चित्र हलवण्यात जवळपास चार फेऱ्यांचा वेळ गेला. शत्रूला हलवणं, गोळी लागली का बघणं, गुण मोजणं, संगीत वाजवणं हे सगळं अजून बाकीच.

तरीही त्या मशीनवर सेकंदाला ५० वेळा लोण्यासारखी सरकणारी दृश्यं दिसायची आणि मागे तीन आवाजांचं संगीत चालू असायचं. हिशेब चुकलेला नाही. चित्र काढायचं काम मुळात प्रोसेसरकडे नव्हतंच.

कामाची वाटणी

एखादी बाई एकटीने खानावळ चालवते तेव्हा भाजी फोडणीला टाकायची, पोळ्या लाटायच्या, ताटं वाढायची, पैसे घ्यायचे, सगळं तिच्याच अंगावर असतं. पोळ्यांना एक बाई ठेवली की मालकिणीने फक्त ‘आज दोनशे पोळ्या’ एवढंच सांगायचं. पोळीवाली भाजीला हात लावणार नाही, हिशेब तर नाहीच नाही. पण पोळ्यांच्या वेगात तिचा हात कोणी धरणार नाही.

कमोडोरमध्ये अशा दोन खास चिपा होत्या. चित्रासाठी व्हिक-टू आणि आवाजासाठी सिड. ‘खास’ म्हणजे बाजारात सुटी मिळणारी चिप आणून बसवलेली नाही, तर याच कंपनीने स्वतःच्या मशीनसाठी घडवलेली. कमोडोरला हे परवडलं, कारण १९७६ मध्ये तिने मॉस टेक्नॉलॉजी ही पेनसिल्व्हेनियातली चिप बनवणारी कंपनीच विकत घेतली होती. कमोडोरचा संस्थापक जॅक ट्रॅमिएल. पोलंडमधल्या लोड्झचा, ऑशविट्झमधून जिवंत सुटलेला आणि व्यवहारात अत्यंत कडक माणूस. दुसऱ्याकडून चिप घेतली की त्याचा नफाही आपल्याच खिशातून जातो, हे त्याने कॅल्क्युलेटरच्या धंद्यात चटके खाऊन शिकलेलं होतं.

१९८१ साली अल्बर्ट शार्पेंटिये यांनी व्हिक-टू आणि बॉब यानेस यांनी सिड घडवायला घेतली. नोव्हेंबरपर्यंत चिपा तयार झाल्या. मग ट्रॅमिएलने फर्मावलं की यांच्याभोवती ६४ किलोबाइट मेमरीचा संगणक उभा करा, आणि तो जानेवारी १९८२ च्या लास वेगासच्या प्रदर्शनात दिसला पाहिजे. दिसला. किंमत ५९५ डॉलर. पुढे त्या मॉडेलची साधारण सव्वा कोटी यंत्रं खपली असं मानतात.

पडद्यावरचा सुटा तुकडा

व्हिक-टूची सगळ्यात उपयोगी करामत म्हणजे स्प्राइट. मागच्या चित्राला धक्का न लावता त्याच्यावर हलवता येणारा सुटा तुकडा म्हणजे स्प्राइट: विमान, राक्षस, चेंडू, काहीही. आकार २४ बाय २१ ठिपके, म्हणजे ६३ बाइट.

हलवायचा कसा? चिपमध्ये रजिस्टर असतात, म्हणजे ठरावीक पत्त्यांवरचे छोटे कप्पे. त्यात आकडा टाकला की चिप तसं वागते. बेसिक या सोप्या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘पोक ५३२६९, १’ असं टाइप केलं की पहिला स्प्राइट चालू. ‘पोक ५३२४८, १००’ केलं की तो आडव्या दिशेने शंभराव्या जागी. पुढच्याच पत्त्यावर, ५३२४९ वर, उभी जागा. झालं! मागची पार्श्वभूमी जपून ठेवणं, तुकडा पुसणं, पुन्हा काढणं, काही नाही. पडदा रंगवणारा टीव्हीचा झोत त्या जागी पोचला की चिप आयत्या वेळी मागच्या ठिपक्याऐवजी स्प्राइटचा ठिपका पाठवते. दोन स्प्राइट एकमेकांना भिडले की तेही तीच नोंदवून ठेवते, त्यामुळे ‘गोळी लागली का?’ हा प्रश्न एक कप्पा वाचून सुटतो.

यात एक गंमतशीर अडचण होती. एका कप्प्यात ० ते २५५ एवढाच आकडा मावतो, आणि पडदा ३२० रुंद. म्हणून आठही स्प्राइटांचा आडव्या जागेचा जास्तीचा एकेक बिट ५३२६४ या एकाच सामायिक कप्प्यात कोंबलेला आहे. तो बदलायला विसरलात तर उजवीकडे चाललेलं विमान दोन-तृतीयांश पडदा ओलांडून अचानक डाव्या कडेला उगवतं. नवशिक्यांना या एका बिटाने जेवढं छळलंय, तेवढं बाकीच्या सगळ्या चिपने मिळून छळलं नसेल.

आठ म्हणजे आठच ना?

चिपमध्ये स्प्राइट आठ. मग जुन्या खेळांत पडद्यावर वीस-पंचवीस शत्रू कसे दिसतात?

टीव्हीचं चित्र एकदम उमटत नाही. झोत वरून खाली एकेक ओळ रंगवत येतो. युरोपी पद्धतीत एकूण ३१२ ओळी. झोत आत्ता कितव्या ओळीवर आहे हे व्हिक-टू सांगते, आणि ‘अमुक ओळ आली की मला हटक’ अशी सूचनाही घेते. मग प्रोग्रॅमर काय करायचे, तर एका स्प्राइटच्या २१ ओळी रंगवून झाल्या की त्याचीच उभी जागा बदलून त्याला खाली पुन्हा वापरायचे. चिपच्या लेखी स्प्राइट आठच. बघणाऱ्याला मात्र चोवीस. अट एकच की एका आडव्या ओळीत आठांपेक्षा जास्त नकोत.

ही अट आपल्याकडच्या एका पिढीने डोळ्यांनी पाहिलेली आहे. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा ‘व्हिडिओ गेम’ घरोघरी आला, तो जपानच्या १९८३ सालच्या फॅमिली कॉम्प्युटरची नक्कल होती. त्याचा प्रोसेसर ६५०२ च्याच घराण्यातला, आणि चित्राची चिप वेगळी. तिच्यात स्प्राइट ६४, पण एका ओळीत आठच. गोळ्यांचा मारा वाढला की आकृत्या लुकलुकायच्या, आणि मुलं कॅसेट काढून फुंकर मारायची. कॅसेट बिचारी निर्दोष. आठांपुढचे स्प्राइट कायमचे गायब होऊ नयेत म्हणून प्रोग्रॅम त्यांना आळीपाळीने दाखवत असे; तोच तो लुकलुकाट.

चौकटीची गोष्ट तर याहून भारी. कमोडोरच्या चित्राभोवती रंगीत किनार असते आणि तिच्यात काही काढता येत नाही, असं चिपचं माहितीपत्रक सांगतं. पण चिपला पडदा अक्षरांच्या २४ किंवा २५ रांगांचा करता येतो. २४ रांगा असतील तर ती २४७ व्या ओळीवर किनार सुरू करते, २५ असतील तर २५१ व्या. काही उचापत्यांनी २४७ वी ओळ २५ रांगांच्या स्थितीत पार होऊ दिली आणि २५१ वी यायच्या आत २४ वर उडी मारली. दोन्ही वेळा अट हुकली, किनार सुरूच झाली नाही, आणि त्या ‘निषिद्ध’ पट्टीत स्प्राइट नाचायला लागले. ही सोय शार्पेंटिये यांनी ठेवली नव्हती. चिपच्या वागण्यातली फट होती आणि लोकांनी ती बरोब्बर हेरली.

एक मेमरी, दोघे वाटेकरी

वेगळी चिप बसवली म्हणून सगळं फुकटात झालं असं मात्र नाही. चित्र मेमरीत असतं आणि प्रोसेसरचा प्रोग्रॅमही त्याच मेमरीत. खानावळीत शेगडी एकच. तोडगा असा की प्रत्येक ठोक्याचे दोन भाग केले. पहिल्या अर्ध्यात व्हिक-टू मेमरी वाचते, दुसऱ्या अर्ध्यात प्रोसेसर. दोघांची गाठच पडत नाही. फार सुबक रचना आहे ही.

पण अक्षरांच्या प्रत्येक रांगेच्या सुरुवातीला चिपला ४० अक्षरांची यादी जास्तीची वाचावी लागते आणि तिचा अर्धा वाटा पुरत नाही. तेव्हा ती प्रोसेसरला चक्क थांबवते. एका ओळीतल्या ६३ ठोक्यांपैकी त्याच्या वाट्याला वीस-तेवीसच उरतात. अशा ओळींना प्रोग्रॅमर ‘वाईट ओळी’ म्हणतात. कॅसेट टेपवरून प्रोग्रॅम भरताना कमोडोरचा पडदा कोरा व्हायचा तो याचसाठी. टेपवरच्या खुणा अचूक वेळेत मोजायच्या असतात, मध्येच कोणी थांबवून चालत नाही, म्हणून चित्रच बंद.

सिड: चिपमध्ये लपलेलं वाद्य

बॉब यानेस यांना सिंथेसायझरचं वेड होतं. तेव्हाच्या बाजारातल्या आवाजाच्या चिपा संगीताचा गंध नसलेल्यांनी बनवल्या आहेत, असं त्यांचं स्पष्ट मत. बऱ्याच अंशी खरंही होतं ते. त्या चिपांना बहुतेक चौकोनी लहरींची पींऽ पींऽ आणि खरखर एवढंच जमायचं.

सिडमध्ये आवाज तीनच, पण प्रत्येकाला चार प्रकारच्या लहरी: त्रिकोणी, करवतीच्या दात्यांसारखी, रुंदी बदलता येणारी चौकोनी, आणि खरखर. त्यावर प्रत्येक सुराचा आकार ठरवायची सोय. संतूरचा सूर चटकन उठतो आणि विरत जातो. पेटीचा सूर भाता हलतोय तोवर टिकतो. सूर किती वेळात चढावा, किती उतरावा, कुठे टिकावा आणि सोडल्यावर किती वेळाने विरावा, हे चार आकडे दिले की सिड तसा सूर लावते. एवढ्यावर तिन्ही आवाज एका फिल्टरमधून गाळता येतात. हा फिल्टर आकड्यांचा नसून खऱ्याखुऱ्या विजेच्या दाबाचा आहे. शेवटी हा मुद्दा लागणार आहे, तेव्हा ध्यानात ठेवा.

यानेस यांना ३२ आवाज हवे होते. वेळ नव्हता, म्हणून एका आवाजाचा नकाशा काढून तोच तीनदा छापला. १९८२ मध्ये कमोडोर सोडून त्यांनी सहकाऱ्यांसोबत एन्सॉनिक ही वाद्यांची कंपनी काढली, आणि तिथल्या चिपमध्ये ३२ आवाज घालूनच ते स्वस्थ बसले.

तीन आवाजांत ताल, बास आणि सूर बसवायचे तर एकाच वेळी तीन स्वरांचा कॉर्ड कुठून आणायचा? रॉब हबर्ड, मार्टिन गॉलवे अशा ब्रिटिश संगीतकारांनी एकाच आवाजात तीन स्वर सेकंदाला ५० वेळा आळीपाळीने बदलले. कानाला थरथरता, पाणीदार कॉर्ड ऐकू येतो. आज ज्याला ‘आठ बिटी संगीत’ म्हणतात त्यातला तो गुरगुरता स्वर म्हणजे मुळात काटकसर आहे.

आणखी एक करामत. सिडच्या ५४२९६ या कप्प्यात आवाजाची मोठी-लहान पातळी असते, ० ते १५. मूळ चिपच्या, म्हणजे ६५८१ च्या बाहेर येणाऱ्या तारेवर एक स्थिर दाब गळत राहायचा; त्यामुळे पातळी बदलली की ‘टक्’ असा आवाज यायचा. हा दोषच. पण सेकंदाला हजारो वेळा पातळी बदलली तर त्या टकटकीतून हवी ती लहर उभी राहते, आणि चिप ढोल वाजवते, माणसासारखी बोलते! पुढे कंपनीने ८५८० ही सुधारित चिप आणली, तो दोष दूर केला, आणि लोकांनी तक्रार केली की आमच्या खेळांतलं बोलणं ऐकूच येईना.

बाकीच्यांनी असं का नाही केलं?

केलं, काहींनी आधीच केलं. अटारीच्या १९७९ च्या घरगुती संगणकांत अशा खास चिपा होत्या. जे मायनर हा त्यामागचा मोठा माणूस. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने चित्राची चिप बनवून इतरांनाही विकली.

ब्रिटनच्या सिंक्लेअरने उलटा रस्ता धरला. १९८२ चा झेडएक्स स्पेक्ट्रम १२५ पौंडांत द्यायचा म्हटल्यावर स्प्राइट नाहीत, आवाजाची चिप नाही, नुसता एक भोंगा, आणि तोही प्रोसेसरनेच हलवायचा. आठ बाय आठच्या प्रत्येक चौकोनात दोनच रंग, त्यामुळे खेळातला गडी झाडाजवळ गेला की झाडाचा रंग अंगाला लागायचा. आपल्याकडे १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्याने आणला तो हाच वंश. त्याआधी १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रोत आवाजाची चिप बाजारातली तयार होती. सर्वत्र प्रश्न पैशाचाच होता. चिपचा साचा घडवायला अफाट खर्च येतो. तो लाखो यंत्रं खपली तरच वसूल होतो.

एवढं छान होतं तर बंद का पडलं?

पोळीवालीला फक्त पोळ्या येतात, तसंच. आठ स्प्राइटांची चिप आठच स्प्राइट देणार. सोळा रंग कारखान्यात ठरलेले, सतरावा मिळणार नाही. त्याहून वाईट म्हणजे प्रोग्रॅम चिपच्या ठोक्या-ठोक्याला बांधलेले. कंपनीने चिप सुधारली की जुने प्रोग्रॅम मोडणार. १९८५ च्या कमोडोर १२८ मध्ये हे स्पष्ट दिसतं. प्रोसेसर दुप्पट वेगाने चालवायची सोय होती, पण तसा चालवला की ठोक्याचा तो अर्धा वाटा व्हिक-टूला मिळेना आणि तिचं चित्र बिघडे. ८० अक्षरांच्या पडद्यासाठी तर शेजारी आणखी एक वेगळी चित्राची चिप बसवावी लागली.

त्याच वर्षी कमोडोरची अमिगा आली, याच विचाराचा कळस. जे मायनर यांच्याच चमूची. अ‍ॅग्नस, डेनिस, पॉला अशी माणसांची नावं दिलेल्या चिपा, ४,०९६ रंग. दहा वर्षं पुढचं मशीन होतं असं तिचे चाहते म्हणतात. मला वाटतं पाच म्हटलं तर जास्त खरं ठरेल. कारण पीसीमध्ये चित्राचं कार्ड काढून नवं घालता यायचं, आणि अमिगात चिप मदरबोर्डावर बसलेली. पीसीचे प्रोसेसर दर दोन वर्षांनी वेग वाढवत गेले आणि नुसत्या ताकदीवर चित्र काढू लागले. एप्रिल १९९४ मध्ये कमोडोरने दिवाळं काढलं.

विचार मात्र मेला नाही. आजचं ग्राफिक्स कार्ड तेच करतं. तुमच्या मोबाइलवर व्हिडिओ चालतो तो मुख्य प्रोसेसर उलगडत नाही. त्यासाठी आत वेगळा भाग असतो. एखादा नवा व्हिडिओ प्रकार त्या भागाला येत नसला की काम प्रोसेसरवर पडतं, फोन तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. कमोडोरचा ७२ हजार ठोक्यांचा हिशेब आपल्या खिशात असाच जाणवतो.

मोबाइलवर फुकट चालतं, मग पैसे कशाला?

खेळ नुसता खेळायचा असेल तर खरंच देऊ नका. इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनचं सोंग आणणारा प्रोग्रॅम, आज फार चांगला झालाय. त्याची अडचण ही की आत चाललेल्या चार गोष्टी त्याला एकामागून एक कराव्या लागतात आणि मग चित्र, आवाज, बटणं सगळं आधुनिक यंत्रणेच्या रांगेतून जातं. बटण दाबणं आणि उडी मारणं यांत किंचित उशीर होतो. हाताला सवय असलेल्यांना तो खुपतो.

नव्या कमोडोरमध्ये एफपीजीए आहे. ही अशी चिप की तिच्या आतल्या जोडण्या कारखान्यात पक्क्या झालेल्या नसतात, नंतर ठरवता येतात. तिला व्हिक-टूचा नकाशा दिला की ती व्हिक-टूसारखी जोडली जाते आणि सगळे भाग खरोखर एकाच वेळी चालतात. किनार उघडायची ती फटसुद्धा ओळ मोजून जशीच्या तशी येते.

सिड मात्र पुरती पकडता येत नाही. व्हिक-टूचं काम बहुतांश ‘हो-नाही’चं आहे, सिडचा फिल्टर विजेच्या दाबाचा, आणि तोही ओबडधोबड बनलेला. एका कारखान्यातून निघालेल्या दोन ६५८१ सारख्या वाजत नाहीत. मग नक्कल करायची तर कुठल्या सिडची? स्वीडनच्या इलेक्ट्रॉन या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीने १९९९ मध्ये जुन्या सिड जमवून सिडस्टेशन नावाचा सिंथेसायझर काढला होता. चिपा संपल्या आणि वाद्यही थांबलं. आता सिड बनत नाहीत, आणि बाजारात दुसऱ्याच चिपवर सिडचा शिक्का मारून विकणारे भरपूर आहेत.

म्हणून अशा नव्या बोर्डांवर खरी सिड बसवायला जागा ठेवतात. जुनी चिप मिळाली तर बसवण्याआधी तिच्यावरचा आकडा वाचा. ६५८१ ला १२ व्होल्ट लागतात, ८५८० ला ९. नवे बोर्ड चिप ओळखून दाब ठरवू शकतात. पण जुन्या मूळ मशीनमध्ये ९ वाली चिप १२ च्या जागी बसवली तर ती जळू शकते, आणि तिच्या बदल्यात नवी कोणी देणार नाही.